विद्युत अपघटन: वीज पाण्याचं नेमकं काय करते?

पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा व्हिडिओ दर काही महिन्यांनी नव्यानं फिरू लागतो. बाटलीत पाणी, पाण्यात दोन पत्रे, पत्र्यांना बॅटरीच्या वायरी, आणि वर येणाऱ्या बुडबुड्यांवर म्हणे इंजिन चालतं. दुसरीकडे हरित हायड्रोजनच्या, म्हणजे सौर किंवा पवनऊर्जेवर पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनच्या, मोठमोठ्या प्रकल्पांच्या बातम्या येत असतात, आणि तिथंही पाणी, वीज आणि हायड्रोजन हेच तिघं. पहिली गोष्ट थाप आणि दुसरी खरी, एवढं बहुतेकांना जाणवतं. पण असं का, ते सांगता येत नाही. दोन्हींचं उत्तर शाळेतल्या रसायनशास्त्राच्या एकाच धड्यात आहे: विद्युत अपघटन. धनाग्र कुठलं आणि ऋणाग्र कुठलं एवढं पाठ करून हा धडा उरकला जातो, आणि त्यातली खरी गंमत निसटते.

तारेत इलेक्ट्रॉन, द्रवात आयन

विजेच्या जोरावर रासायनिक बदल घडवून आणणं म्हणजे विद्युत अपघटन. हा बदल असा, की वीज नसती तर तो आपला आपण झालाच नसता. साहित्य फारसं लागत नाही: एक द्रव, त्यात बुडवलेल्या दोन कांड्या आणि एकाच दिशेनं वीज देणारी बॅटरी. बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली कांडी म्हणजे धनाग्र, ऋण टोकाला जोडलेली म्हणजे ऋणाग्र.

तांब्याच्या तारेतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन सरकत असतात. द्रवात मात्र सुटे इलेक्ट्रॉन पोहत पलीकडे जात नाहीत. तिथं विद्युतभार वाहून नेतात ते आयन, म्हणजे एखादा इलेक्ट्रॉन गमावल्यामुळं किंवा जास्तीचा घेतल्यामुळं भारित झालेले अणू किंवा अणूंचे गट. मिठात सोडियमनं एक इलेक्ट्रॉन दिलेला असतो, क्लोरीननं तो घेतलेला असतो. मीठ विरघळलं की हे दोघं वेगळे होऊन पाण्यात फिरू लागतात. बॅटरी जोडली की धन आयन ऋणाग्राकडे आणि ऋण आयन धनाग्राकडे सरकतात. ज्या पदार्थाच्या द्रावणातून किंवा वितळलेल्या रूपातून अशी आयनांमार्फत वीज वाहते, तो विद्युत अपघटनी पदार्थ.

आता प्रश्न असा, की तारेतले इलेक्ट्रॉन द्रवात शिरत नसतील तर ते थांबतात कुठं? कांडीच्या पृष्ठभागावर. ऋणाग्रावर आलेला इलेक्ट्रॉन तिथं चिकटून असलेला कुणीतरी घेतो, याला क्षपण म्हणतात. धनाग्रावर कुणीतरी आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, हे ऑक्सिडीकरण. रासायनिक बदल होतो तो फक्त या दोन पृष्ठभागांवर. मधल्या पाण्यात वाहतूक तेवढी चालू असते, तोडफोड अजिबात नाही.

शुद्ध पाण्यात बुडबुडे का येत नाहीत?

अगदी शुद्ध पाण्यात कांड्या बुडवल्या तर जवळजवळ काहीच होत नाही. पाण्यातही आयन असतात, पण किती? साध्या तापमानाला सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक रेणू फुटलेला. एवढ्या तुटपुंज्या आयनांवर वाहतूक चालणार कशी? म्हणून पाण्यात थोडं सल्फ्युरिक आम्ल, सोडियम सल्फेट किंवा धुण्याचा सोडा घालतात.

इथं चाणाक्ष विद्यार्थी हटकून विचारतो: मग फुटतं ते पाणी की आम्ल? फुटतं ते पाणीच. आम्लातला हायड्रोजन आयन ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन घेऊन वायू होतो हे खरं. पण धनाग्रावर पाण्याचा रेणू मोडताना नवे हायड्रोजन आयन तयार होतात, आणि तेही नेमके तेवढेच. सल्फेट आयन होते तसेच राहतात. बराच वेळ प्रयोग चालू ठेवला तर पाणी घटत जातं, आम्लाचं प्रमाण मात्र वाढतं.

प्रयोग करून बघायचा असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली आणि धुण्याचा सोडा घातलेलं पाणी पुरतं. ऋणाग्राच्या शिशावर बारीक बुडबुड्यांचा दाट थर लगेच दिसतो. टोकापासून ते दोऱ्यासारखे सरळ वर येतात. धनाग्रावरचे बुडबुडे विरळ असतात, शिशाला चिकटून राहतात, आणि थोड्या वेळानं पाण्यात काळी भुकटी उतरू लागते. ती शिशातल्या ग्राफाइटची. तिथं तयार होणारा ऑक्सिजन ग्राफाइटलाच खाऊ लागतो. पुस्तकात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या आकारमानाचं प्रमाण २:१ दिलेलं असतं, पण पेन्सिली वापरून ते कधीच नीट जुळत नाही. काही ऑक्सिजन कर्बाशी संयोग पावतो, काही पाण्यात विरघळतो. पुस्तक चुकलेलं नसतं. त्याला प्लॅटिनमचे पत्रे अभिप्रेत असतात, एवढंच.

दोन पथ्यं मात्र पाळायचीच. सोड्याऐवजी मीठ घालायचं नाही, कारण मग क्लोरीन हा विषारी वायू येतो. आणि भिंतीतल्या प्लगची वीज वापरायची नाही. ती जिवावर बेतू शकते हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे तिची दिशा सेकंदात पन्नास-साठ आवर्तनांच्या वेगानं उलटसुलट होत असते, त्यामुळं कुठलीच कांडी धनाग्र किंवा ऋणाग्र म्हणून टिकत नाही.

एकाच रेणूचे दोन वायू, मग ते इतक्या लांब लांब कसे?

सगळ्या धड्यातला सर्वांत चांगला प्रश्न हा, आणि वर्गात तो फारसा विचारला जात नाही. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना बिलगून असतात. तो रेणू फुटला तर दोन्ही वायू एकाच जागी यायला हवेत. प्रत्यक्षात एक या कांडीवर, दुसरा वीतभर लांब असलेल्या त्या कांडीवर, आणि मधल्या पाण्यात एकही बुडबुडा नाही. असं कसं?

१८०० साली व्होल्टानं आपल्या विद्युतघटाची माहिती जाहीर केली आणि त्याच वर्षी विल्यम निकोल्सन व अँथनी कार्लाइल यांनी लंडनमध्ये पाण्याचं अपघटन करून दाखवलं. तेव्हापासून हे कोडं शास्त्रज्ञांना छळू लागलं. १८०६ मध्ये ग्रोटहुस यानं सुचवलं, की पाण्याचे रेणू रांगेत उभे असावेत आणि शेजारी शेजाऱ्याला आपला भाग देत असावा. पुढं १८३०च्या दशकात फॅरेडेनं आयन हा शब्द रूढ केला. पण वीज सोडल्यावरच पदार्थाचे असे तुकडे होतात, हीच त्या काळातली समजूत होती.

ती समजूत मोडली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यानं. विजेचा आणि आयन तयार होण्याचा संबंधच नाही, मीठ विरघळलं त्या क्षणीच ते आयनांमध्ये विभागलेलं असतं, असं त्यानं मांडलं. १८८४ च्या त्याच्या प्रबंधाला परीक्षकांनी अगदी खालची श्रेणी दिली होती. १९०३ साली त्याच कामासाठी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याच्या बाजूनं एक पुरावा असा होता, की त्यात विजेचं नावही नाही. पाण्यात काही विरघळवलं की ते शून्य अंशाच्या खाली गोठतं, आणि किती खाली, ते विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं. एक किलो पाण्यात एक मोल साखर घातली तर गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी उतरतो. (मोल म्हणजे रसायनशास्त्रात कण मोजायचं ठरलेलं परिमाण.) साखरेऐवजी तेवढेच मोल मीठ घातलं तर तो जवळजवळ दुप्पट उतरतो. याचा अर्थ मिठाच्या प्रत्येक एककाचे पाण्यात दोन कण झालेले आहेत, आणि बॅटरी तर जवळपासही नाही!

मग वायूंच्या कोड्याचं उत्तर काय? एकच रेणू फुटून त्याचे भाग दोन टोकांना पळत नाहीत. ऋणाग्रापाशी तिथलेच रेणू किंवा हायड्रोजन आयन इलेक्ट्रॉन घेतात आणि हायड्रोजन सुटतो. धनाग्रापाशी तिथले वेगळे रेणू इलेक्ट्रॉन देतात आणि ऑक्सिजन सुटतो. मधले आयन सरकून दोन्हीकडचा भार समतोल ठेवतात. ऑक्सिजनचा एक रेणू तयार होताना चार इलेक्ट्रॉन सुटतात, हायड्रोजनच्या एका रेणूला दोनच लागतात. तारेतून जेवढे इलेक्ट्रॉन इकडून गेले तेवढेच तिकडे यायला हवेत, म्हणून एका ऑक्सिजनमागे दोन हायड्रोजन. २:१ हे प्रमाण असं इलेक्ट्रॉनांच्या हिशेबातूनही निघतं. ग्रोटहुसलाही पूर्ण मोडीत काढायला नको. हायड्रोजनचे आयन पाण्यातून इतर आयनांपेक्षा फार झपाट्यानं जातात, ते शेजारी शेजाऱ्याला देत जाण्याच्या अशाच पद्धतीमुळं.

मिठाच्या पाण्यातून सोडियम का निघत नाही?

मिठाच्या पाण्यात सोडियमचे आयन भरपूर असतात, ते ऋणाग्राकडे सरकतातही. तरी तिथं येतो हायड्रोजनच. कारण ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन घ्यायला एकापेक्षा जास्त उमेदवार असतात, आणि ज्याला तो सर्वांत सहज घेता येतो त्याचाच नंबर लागतो. सोडियमला इलेक्ट्रॉन परत घ्यायला लावणं फार कठीण. त्यापेक्षा पाणी सहज घेतं, हायड्रोजन सोडतं आणि मागं हायड्रॉक्साइड ठेवतं. सोडियम आणि हायड्रॉक्साइड मिळून झाला कॉस्टिक सोडा. फिनॉल्फ्थॅलीनचा (अल्कधर्मी द्रावणात गुलाबी होणाऱ्या दर्शकाचा) एक थेंब टाकला तर ऋणाग्राभोवतीचं पाणी गुलाबी होत जाताना स्पष्ट दिसतं.

धनाग्रावरची स्पर्धा चुरशीची असते. कागदावरच्या आकड्यांनुसार ऑक्सिजन आधी यायला हवा, कारण त्याला क्लोरीनपेक्षा किंचित कमी व्होल्टेज लागतं. पण ऑक्सिजन तयार होण्याची क्रिया मंद आणि किचकट आहे, तिला प्रत्यक्षात वरून बरंच जादा व्होल्टेज द्यावं लागतं. त्यामुळं दाट मिठवणीत क्लोरीन बाजी मारतो, आणि द्रावण जितकं पातळ तितका ऑक्सिजनचा वाटा वाढतो. क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणारा सगळा उद्योग याच चुरशीवर उभा आहे.

मग सोडियमच हवं असेल तर? पाण्यालाच स्पर्धेतून बाद करायचं. हंफ्री डेव्हीला १८०७ मध्ये हेच करावं लागलं. आधी त्यानं पोटॅशच्या (पोटॅशियमच्या एका क्षाराच्या) द्रावणातून वीज सोडली, तर हायड्रोजन आणि ऑक्सिजनशिवाय काही हाती लागेना. मग त्यानं जेमतेम ओलसर पोटॅशचा तुकडा घेतला. विजेनं तो वितळू लागला आणि ऋणाग्राच्या बाजूला पाऱ्यासारखे चकाकणारे मणी दिसू लागले. काही तर तयार होताच भडकून पेटले. हे पोटॅशियम. काही दिवसांतच त्यानं सोडियमही वेगळं केलं.

ॲल्युमिनियमचीही कथा हीच. त्याचं ऑक्साइड वितळायला दोन हजार अंशांच्या वर तापवावं लागतं. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी एकमेकांची खबर नसताना एकच युक्ती काढली: ते ऑक्साइड वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवायचं. मग साधारण ९५० ते ९६० अंशांवर काम भागतं. एक किलो ॲल्युमिनियमला आजही तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. डबे वितळवून पुन्हा वापरले तर त्याच्या वीसाव्या हिश्श्यातच भागतं.

किती जमा होणार, हे आधीच कसं कळतं?

फॅरेडेचे नियम परीक्षेत सूत्र म्हणून येतात, पण ते निव्वळ मोजणी आहेत: जेवढे इलेक्ट्रॉन गेले, तेवढ्याच हिशेबात पदार्थ जमा होतो. तांब्याच्या एका आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, चांदीच्या आयनाला एक. एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार ९६,४८५ कूलोम (कूलोम हे विद्युतभाराचं एकक). एक ॲम्पिअर प्रवाह तासभर चालला तर ३,६०० कूलोम भार जातो, आणि त्यात सुमारे १.१९ ग्रॅम तांबं किंवा सुमारे ४ ग्रॅम चांदी जमा होते. भांडं लहान की मोठं, कांडी जाड की बारीक, याचा त्या आकड्याशी संबंध नाही.

व्होल्टेजचं काम वेगळं. क्रिया होणार की नाही हे व्होल्टेज ठरवतं, किती होणार हे प्रवाह आणि वेळ ठरवतात. पाण्यासाठी २५ अंशांना किमान १.२३ व्होल्ट लागतात. व्यवहारात १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात, कारण वरचे काही दोन्ही पृष्ठभागांवरच्या अडथळ्यांत आणि द्रावणाच्या रोधात खर्च होतात.

तांब्याच्या शुद्धीकरणात व्होल्टेजच्या या निवडक वागण्याचा मोठा फायदा घेतात. अशुद्ध तांब्याची जाड पाटी धनाग्र, शुद्ध तांब्याचा पातळ पत्रा ऋणाग्र. पाटीतलं तांबं विरघळून पत्र्यावर बसतं. जस्त, लोखंड विरघळतात पण पत्र्यावर बसत नाहीत, द्रावणातच राहतात. सोनं आणि चांदी विरघळतही नाहीत, गाळ होऊन तळाशी पडतात. तो गाळ अर्थातच कुणी फेकून देत नाही.

मग पाण्यावर गाडी का चालत नाही?

हायड्रोजन जळाला की पाणी होतं. म्हणजे पाणी हा आधीच जळून झालेला पदार्थ. त्यातून पुन्हा हायड्रोजन काढायचा तर जळताना बाहेर पडलेली सगळी ऊर्जा परत भरावी लागते. एक किलो हायड्रोजनसाठी हा हिशेब किमान ३९ युनिटांचा आहे, आणि प्रत्यक्ष यंत्रांत पन्नासच्या वर. तोच हायड्रोजन इंधनघटात, म्हणजे हायड्रोजनपासून परत वीज बनवणाऱ्या यंत्रात, वापरला तर हाती येतात पंधरा-वीस युनिट. व्हिडिओतल्या गाडीत बॅटरी इंजिनानं चार्ज होते, इंजिन हायड्रोजनवर चालतं आणि हायड्रोजन बॅटरीनं तयार होतो. गच्चीवरच्या टाकीतून पाणी सोडून चक्र फिरवायचं, आणि त्या चक्राच्या विजेवर पंप लावून तीच टाकी भरायची, असा हा प्रकार.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की एखादा भारी उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रिया सोपी करणारा पदार्थ, सापडला तर? उत्प्रेरकामुळं १.२३ च्या वरचे जादा व्होल्ट कमी होतात, आणि त्यासाठीच जगभर संशोधन चाललंय. पण १.२३ हा आकडा पाणी आणि दोन वायू यांच्या ऊर्जेतल्या फरकाचा आहे. कुठल्याही धातूचा पत्रा घाला, तो हलत नाही. तो हलवल्याचा दावा करणाऱ्याकडे वीजमीटरचे आकडे मागावेत.

हरित हायड्रोजनमध्ये मग काय अर्थ आहे?

तिथं कुणी फुकट ऊर्जेचा दावा करत नाही, हा मुख्य फरक. खतांसाठीचा अमोनिया आणि तेलशुद्धीकरण यांना हायड्रोजन आजही लागतोच, आणि तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो. त्यात एक किलो हायड्रोजनमागे साधारण नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सौर किंवा पवनऊर्जेवर पाण्याचं अपघटन केलं तर तो टळतो.

पण यंत्र तेच ठेवून वीज कोळशाची घेतली तर? कोळशाच्या एका युनिटामागे ढोबळमानानं एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा. पन्नास युनिटांचे झाले पन्नास किलो, म्हणजे नैसर्गिक वायूच्या जुन्या पद्धतीच्या पाचपट. तेव्हा बातमी वाचताना प्रकल्प किती मोठा आहे यापेक्षा वीज कुठून येणार हे आधी शोधावं.

समुद्राचं पाणी थेट का वापरत नाहीत?

पाणी किती लागतं, ही शंकाही रास्त आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबानं एक किलो हायड्रोजनला नऊ किलो पाणी पुरतं. शुद्धीकरण आणि यंत्र थंड ठेवणं धरलं तर गरज बरीच वाढते. मग समुद्र आहेच की, असं कुणीही म्हणेल. पण समुद्राच्या पाण्यात क्लोराइड असतं, आणि धनाग्रावर मघाचीच स्पर्धा सुरू होते: ऑक्सिजनबरोबर क्लोरीन येऊ लागतो, यंत्र गंजतं. ऋणाग्राभोवतीचं पाणी अल्कधर्मी होत जातं आणि मॅग्नेशियम व कॅल्शियमचे थर त्यावर बसतात.

या अडचणींवर मात करून समुद्राचं पाणी थेट वापरायचे प्रयत्न चालू आहेत, आणि त्यांच्या बातम्या मोठ्या अक्षरांत येतात. मला त्यांचं फारसं अप्रूप वाटत नाही, त्याचं कारण साधा हिशेब. आधुनिक प्रकल्पांत समुद्राचे हजार लिटर पाणी गोडं करायला तीन-चार युनिट वीज लागते. एक किलो हायड्रोजनसाठी अगदी तीस लिटर पाणी धरलं, तरी ते गोडं करायचा खर्च एक दशांश युनिटाच्या आसपास येतो. पुढं त्या पाण्याचं अपघटन करायला पन्नास युनिट लागणारच असतात.